खरोखर दहा

— नाही नाही, बसा तुम्ही, उभं राहणाऱ्याला जास्त मिळतं असं काही नसतं इथं. ती खुर्ची नको, तिचा एक पाय नुसता नावाला आहे, ही घ्या. काल फोनवर आवाज भारदस्त वाटला, म्हटलं डॉक्टरच असणार. कंपाउंडर? मग डॉक्टर कुठंयत? — बदली. कधी झाली? — सात महिने! आणि नवीन? — बरं. म्हणजे डॉक्टर, कंपाउंडर, झाडूवाला, सगळं तुम्हीच. आमच्याकडेही तसंच आहे, दारावर ‘पुरवठा विभाग’ अशी पाटी बघितलीत ना, तो विभाग म्हणजे मी. विभागाला परवापासून सर्दी झालीय. हसलात तरी चालेल. नाही हसलात तरी चालेल, या खोलीत फारसं कुणी हसत नाही. तो डबा छातीशी धरून का बसलाय, ठेवा की टेबलावर, रिकामाच आहे ना? सगळे रिकामे डबे घेऊन येतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात, जशी काही मी अंडी घालणार आहे.

दचकलात? घंटा आहे ती, अंगणातल्या खांबावरची. एकदा वाजली की चहा. अकरा वाजले वाटतं. घेणार? — नको तर नको, चहाही तसा अर्धाच येतो. दोनदा वाजली की घोडा सुटला, सगळ्यांनी आपापली फाटकं लावायची. मागच्या वर्षी हेडमास्तर सुटला होता — घोडा हो, घोड्याचं नाव, वर्गात शिरल्यासारखा चालायचा म्हणून — तो थेट या खोलीत आला, तुम्ही बसलाय तिथं उभा राहिला आणि माझं वाटपाचं रजिस्टर खाल्लं. पान सतरा ते तेवीस. मी साहेबांना तसंच लिहून दिलं, ‘पाने घोड्याने खाल्ली.’ साहेबांनी खाली शेरा मारला, ‘पुन्हा होऊ नये.’ घोड्याला वाचून दाखवला आम्ही. आणि तीनदा वाजली की — तीनदा वाजत नाही. सोळा वर्षांत दोनच वेळा वाजलीय. तीन म्हणजे सापाच्या खोलीत कुणाला तरी चावला. सोडा ते.

तुम्ही चिडलेले आहात. नाही कसं, माणूस इतका गप्प बसतो तेव्हा चिडलेलाच असतो, आमचे हे पण असेच होते. आणि चिडावंच. पण कुणावर चिडायचं ते ठरवायचं असेल तर आधी घोडं कुठं पेंड खातंय ते कळायला हवं — आणि आमच्याकडे ते कळायला सोपं आहे, खिडकीतून बघा, तिथं खातंय. सर्पदंशाची लस तुम्ही टोचता, ती इथं बनते. कशी बनते? ती पत्र्याची लांब खोली दिसतेय? तिथं माझा धाकटा भाऊ असतो. तो सापाची मान धरतो, पेल्यावर ताणलेल्या रबराला साप चावतो, विष पेल्यात. ते विष अगदी एवढंसं, एवढंसं घोड्याला टोचायचं, हळूहळू वाढवत न्यायचं. घोडा मरत नाही, फक्त आपण त्याच्या मनातून उतरतो. काही महिन्यांनी त्याच्या रक्तात विषावरचा उतारा तयार होतो — किंवा नाही होत. का नाही होत? घोड्याला विचारा. तेवढंच रक्त घेऊन कधी ऐंशी बाटल्या निघतात, कधी तीस. हेडमास्तर एकटा तिघांचं काम करायचा, तो उन्हाळ्यात पोट फुगून गेला, आणि साहेब मला विचारतात, पुढच्या महिन्याचा पक्का आकडा सांगा. पक्का! मी म्हटलं, साहेब, पक्का आकडा घोड्याच्या पोटात आहे.

बरं, एवढं करून भुकटी झाली, बाटल्या भरल्या, लेबलं लागली — झालं? नाही झालं. मग ससे. हो, ससे. तीन सशांना ती लस टोचायची आणि त्यांना ताप येतो का ते बघायचं. मागच्या खेपेला अठ्ठावीसशे बाटल्या होत्या, अहो अठ्ठावीसशे! त्यातल्या सव्वीसशे मी फोनवर वाटूनही टाकल्या होत्या, शब्द देऊन बसले होते, याला शंभर, त्याला साठ — आणि एका सशाला ताप आला. मग नियमाप्रमाणे आणखी पाच ससे. त्यातल्या दोघांना आला. सगळा माल नष्ट. मी दिलेले सव्वीसशे शब्द तेवढे बाहेर फिरत राहिले. तो पहिला ससा अजून आहे, मी मुद्दाम जाऊन बघून आले. चेहऱ्यावर काही पश्चात्ताप नाही. आता पुढची बॅच सशांकडे आहे, निकाल शुक्रवारी. आज मंगळवार. तोवर विभागाकडे काय आहे? सर्दी.

मोठ्या हॉस्पिटलात? तिथं काय आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार — काल संध्याकाळी त्यांचाच फोन होता, शिल्लक शून्य. या सगळ्या टापूत आज कुणाकडे एक बाटली नाही. मी फोन करकरून विचारलं. कानावर हात सगळ्यांचे.

आता तुमचं. तुमचं म्हणजे माझंच. इथं एक पद्धत आहे — पद्धत कसली, भाषाच आहे ती. ज्याला पन्नास हवेत तो शंभर लिहितो. का? कारण मी निम्मे देते. मी निम्मे का देते? कारण तो दुप्पट लिहितो. आधी कुणी सुरू केलं ते आता कुणाला आठवत नाही, माझ्या आधी इथं एक गृहस्थ बसायचे, ते जाताना किल्ल्या देऊन म्हणाले, बाई, आलेल्या आकड्याला दोननं भाग द्यायचा आणि शांत झोपायचं. मी देत आले. सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या आधीच्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं, वर्षानुवर्षं दर महिन्याला वीस लिहायचे, मी दहा पाठवायचे, कुणाची काही तक्रार नाही. ते गेले, तुम्ही आलात, आणि जाताना त्यांनी तुम्हाला औषधाच्या कपाटाची किल्ली दिली, शिक्के दिले, आणि ही एवढी गोष्ट सांगायची राहिली. तुम्ही लिहिलं दहा.

हो, तिकडं बघू नका — बघितलंत. मी तो काढून ठेवणार होते तुम्ही यायच्या आधी. तो तुमचाच फॉर्म आहे, फळ्यावर टाचणीनं लावलेला. काय आहे ना, शेऱ्याच्या रकान्यात लोक काय वाट्टेल ते लिहितात, ‘तातडीचे’, ‘अति तातडीचे’, एकानं तर ‘अंत्यसंस्काराआधी पाठवावे’ असं लिहिलं होतं. सवय झालीय. पण तुम्ही लिहिलं होतं, ‘खरोखर दहा लागतात.’ खरोखर! एवढ्या वर्षांत हा शब्द नव्हता आला कुणाच्या फॉर्मवर. मी घोड्यांच्या मोतद्दाराला वाचून दाखवला, पॅकिंगच्या बायकांना दाखवला, चहाला सगळे म्हणत होते, साखर खरोखर दोन चमचे. भाऊ म्हणाला, ताई, हा नवीन डाव दिसतोय. मीही हसले. आणि दोननं भाग दिला. मला वाटलं तुमच्याकडे साप कमी झाले. म्हणजे बघा, तुम्ही खरं लिहिलंत आणि मी ते खोट्याच्या भाषेत वाचलं. चूक कुणाची म्हणाल?

— नका म्हणू, माहितीये मला.

तुमचं पत्रही आहे इथं, या खणात. एवढं लहान पत्र मी दुसरं बघितलं नाही. ‘पाच दिल्या. पाच नव्हत्या. मागणी दहाची होती.’ खाली सही आणि शिक्का. टपाल वाटणारी बाई, असं ऐकलं मी. सायकल कुंपणाला टेकवली आणि गवतातनं पत्रपेटीकडे गेली. खरं का? — हं. किती वेळ होती? — नाही, नका सांगू. म्हणजे सांगायचं तर सांगा. — सकाळपर्यंत. आणि तुम्ही एकटेच. — त्या दिवशी ना, तुमच्या पाच पाठवल्या त्या दिवशी, माझ्याकडे चाळीस होत्या शिल्लक. आत्ता बोलून गेले ते सोडून द्या. होत्या, चाळीस. मोठ्या हॉस्पिटलच्या साहेबांसाठी ठेवल्या होत्या, ते दिवसातून तीनदा फोन करतात आणि फोनवर काही बोलत नाहीत, नुसते श्वास घेतात. माणूस घाबरतो हो. तुम्ही एकदाही फोन केला नव्हता. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, पण ही म्हण आईनं काढलेली नाही, पुरवठा विभागानं काढलीय.

तर आता इकडे लक्ष द्या. हा खालचा खण. ही पिशवी. उघडा. — मोजा, मोजून घ्या, बोट लावून मोजा. दहा. खऱ्या आहेत, चांगल्या बॅचच्या, तारीख बघा. घाला तुमच्या डब्यात. काल तुमचा फोन ठेवला तेव्हाच ठरवलं मी, की हा माणूस रिकाम्या डब्यानं जायचा नाही. कुठनं आल्या? आल्या. — अहो, तुम्हाला काय करायचंय — नाही, बरोबर आहे, विचारणारच तुम्ही. तुम्ही ‘खरोखर’ लिहिणारे. राखीव आहेत त्या. सापाच्या खोलीबाहेर एक लोखंडी कपाट आहे, त्यात नेहमी दहा बाटल्या ठेवायच्या, नाग नीट चावला तर एकाच माणसाला तेवढ्या लागतात, आणि कारखाना बंद पडला तरी त्या हलवायच्या नाहीत असा नियम. आतल्या माणसांसाठी. म्हणजे कुणासाठी? आत माणूस एकच जातो. किल्ली माझ्याकडे असते, हा बघा कनवटीला जुडगा.

असं बघू नका माझ्याकडे. मी हिशेब केलाय. रात्रभर नाही, अर्ध्या तासात झाला, सरळ आहे. धाकटा सोळा वर्षं आत जातोय, वर्षाला शंभरेक दिवस विष काढतो, म्हणजे सोळाशे दिवस. चावला किती वेळा? दोन. आठशे दिवसांत एकदा. तुमच्याकडे या दिवसांत महिन्याला किती येतात? — तीन, चार. धरा चार, म्हणजे आठवड्याला एक. आणि शुक्रवारपर्यंत तुमच्याकडे शून्य बाटल्या. आता सांगा, दहाच आहेत तर कुठं ठेवाव्यात? आठशेत एक तिथं, की आठवड्यात एक तिथं? शेंबडं पोरही सांगेल. साहेब ज्याला शास्त्रशुद्ध वाटप म्हणतात ना, भिंतीवर तक्ता लावलाय त्यांनी, ते आयुष्यात पहिल्यांदा मी केलं. एकाला पूर्ण दहा. न भागता.

सांगितलं का? त्याला? कसं सांगणार? सांगितलं असतं तर तो आत गेला नसता. जाऊच नये. पण नाही गेला तर विष नाही, विष नाही तर घोड्याला टोचणार काय, मग तीन महिन्यांनी तुम्ही परत हाच डबा घेऊन याल आणि तेव्हा विभागाकडे सर्दीसुद्धा नसेल. म्हणून नाही सांगितलं. आणि त्याची एक सवय आहे — आत जायच्या आधी तो रोज कपाट उघडायला लावतो मला. मी किल्ली लावते, तो बोट लावून मोजतो, एक, दोन, अशा दहा, मग बोट कपाळाला लावतो आणि आत जातो. लहानपणी शाळेत जाताना बोरं अशीच मोजायचा, वाटेत मी खाऊ नयेत म्हणून. खायचे मी. तर कपाट रिकामं ठेवून चालणार नव्हतं. पॅकिंगचं मशीन सुरू करताना पहिल्या वीसेक बाटल्यांत लस नाही घालत, साखरेची पूड घालतात, झाकणं नीट बसतायत का बघायला. भुकटी पांढरी, हीही पांढरी. त्यातल्या दहा घेतल्या. सशांनी नापास केलेल्या बॅचची लेबलं पडली होती, ती चिकटवली. अगदी हुबेहूब हो. मी स्वतः दोनदा फसले. आज सकाळी किल्ली लावली, कपाट उघडलं, त्यानं मोजल्या. दहा. मला म्हणाला, ताई, आज नाक फार लाल दिसतंय, वाफ घे. आणि गेला आत.

आत्ताही आतच आहे. आज नागांचा दिवस. जेवायला येईल एकला. शुक्रवारी ससे पास झाले की मी गुपचूप खऱ्या आणून ठेवणार, कुणाला पत्ता लागायचा नाही, अळीमिळी गुपचिळी. मधे विष काढायचा फक्त आजचा दिवस आणि गुरुवार. आठशेतले दोन दिवस. एवढ्याला घाबरायचं तर माणसानं रस्ताही ओलांडू नये. — तुम्ही घाबरलात का? घाम आलाय तुम्हाला. पंखा इकडं वळवते. सही करा इथं, ‘दहा बाटल्या मिळाल्या’, आकड्यात आणि अक्षरात. आणि पुढच्या महिन्यापासून कृपा करून वीस लिहीत जा, मी आहे तोवर ठीक आहे, उद्या या खुर्चीवर दुसरं कुणी —

चहा? आत्ताच तर झाला चहा. कुणी तरी विसरून वाजवली असेल —

घोडा. घोडा सुटला, दोन. बघा, म्हटलं नव्हतं मी? त्या काळ्यानं परवाच दोरी कुरतडली होती. दार लोटून घ्या जरा, नाहीतर रजिस्टर —

तीन वाजल्या का? तुम्ही मोजल्या का? मला दोन ऐकू आल्या. तुम्ही बोटं दाखवू नका, तोंडानं सांगा.

— डबा द्या. अहो, डबा द्या तो इकडं. शुक्रवारी पाठवते तुम्हाला, माझा शब्द, वीस पाठवते, चाळीस पाठवते, स्वतः घेऊन येते बसनं, डबा द्या. ते येतील आता किल्ली मागायला, ऐका, पळत येतायत, ‘ताई, किल्ली’ म्हणतील आणि कपाटात साखर आहे हो. साखर आहे तिथं. सही खोडते मी, हे बघा, खोडली. — हां, उघडा. उघडा, देव भलं करो तुमचं, लवकर काढा. एक. दोन. तीन. चार. पाच. — थांबलात का? झाकण का लावताय? अजून आहेत आत, मी मोजल्यात, दहा होत्या. — निम्मं? निम्मं काय, ही काय वाटायची — पाचनं नाही भागत, तुम्हाला माहितीये पाचनं नाही भागत, तुमच्याइतकं कुणाला — हे काय? फॉर्म? फॉर्म कशाला सरकवताय माझ्यापुढे, मी काय — आले! आले, देते किल्ली, दाराशी थांबा! — बरं. बरं, लिहिते. पेन द्या. द्या, लिहिते मी. नाव. तारीख. कारण. मागणी — अहो, मघापासून एका-दोन शब्दांच्या पुढं गेला नाहीत, आता तरी तोंड उघडा. दहा लिहू, की वीस?